पडद्यावरील दुकान आणि अंध गिऱ्हाईक

अमरावती जिल्ह्यांत १८८१ सालीं जन्मलेले गुलाबराव महाराज तान्हेपणींच दृष्टीला पारखे झाले. त्यांना आयुष्यहि थोडकेंच लाभलें. १९१५ मध्यें त्यांनीं देह ठेवला. तरीहि त्यांच्या नांवावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ आहेत. वऱ्हाडानें त्यांना प्रज्ञाचक्षु म्हटलें तें यथार्थच होय. परंतु या ग्रंथांच्या मागें एक साधी गोष्ट होती, तिचा उल्लेख सहसा होत नाहीं. महाराजांपुढें कोणी तरी पोथी वाचीत असे, आणि त्यांनीं सांगितलेलें कोणी तरी लिहून घेत असे. भक्तांचा परिवार भोंवतीं होता, म्हणून हें घडलें. ज्या अंधाजवळ असा परिवार नव्हता, त्याला छापील अक्षर मुकेंच राहिलें. फ्रान्समधील लुई ब्रेल यानें उठावाच्या टिंबांची लिपि महाराजांच्या जन्मापूर्वींच सिद्ध केली होती. पण भारतीय भाषांसाठीं एकच ‘भारती ब्रेल’ ठरण्यास १९५१ साल उजाडावें लागलें.

बाजाराची गोष्ट मात्र निराळी होती. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कापडपेठेंत अंध गिऱ्हाईक अगदींच परकें नव्हतें. दुकानदार गादीवर बसून ठाण उलगडी, रंग तोंडानें सांगे, आणि पोत बोटांना कळे. भाव ऐकावयाचा आणि घासाघीस करावयाची, यालाहि डोळे लागत नसत. फसवणूक होत नसे असें नव्हे. ती डोळसांचीहि होई. हेंच दुकान जेव्हां संगणकाच्या, आणि पुढें मोबाईलच्या, पडद्यावर आलें, तेव्हां त्यांतून स्पर्श गेला, आवाज गेला, आणि सारा भार एकट्या डोळ्यांवर पडला.

वास्तविक तसें होण्याचें कारण नव्हतें. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या आज्ञावली तोंवर निघालेल्या होत्या. त्या महाग असत. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें २००६ मध्यें ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली रचण्यास आरंभ केला आणि ती सर्वांना विनामूल्य दिली. हा वाचक थकत नाहीं, कंटाळत नाहीं, अपरात्रींहि हजर असतो. परंतु जें लिहिलेलेंच नाहीं, तें तो कोठून वाचणार? साडीच्या चित्राला वर्णन जोडलेलें नसेल तर तो नुसतें ‘चित्र’ म्हणतो, किंवा छायाचित्राच्या नांवांतील आंकड्यांची माळ म्हणून दाखवितो. ‘विकत घ्या’ या बटनाला नांव नसेल तर तो ‘बटन’ एवढेंच म्हणून थांबतो. चुकलेला रकाना केवळ तांबड्या रंगानें दाखविला, तर काय चुकलें हें गिऱ्हाइकाला कळतच नाहीं.

मराठीच्या वाट्याला तर एक जादा विघ्न आलें. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं पुष्कळसा मराठी मजकूर अशा टंकांत लिहीत कीं, डोळ्यांना देवनागरी दिसे, पण यंत्राच्या पोटांत रोमन अक्षरांचेच संकेत असत. डोळस वाचकाला यांत कांहींच वावगें वाटत नसे. वाचक आज्ञावली मात्र तो मजकूर निरर्थक बडबडीसारखा उच्चारी.

आणि प्रश्न केवळ गैरसोयीचा नाहीं. महाराजांपुढें पोथी वाचणाऱ्यापासून लपवावयाचें असें कांहीं नव्हतें. खरेदीचें तसें नाहीं. मध्येंच अडलेल्या गिऱ्हाइकाला शेजारच्याला हांक मारावी लागते, आणि कोणतें औषध मागविलें, रक्कम किती, बँकेचा गुप्त संकेत कोणता, हें सारें त्याच्या स्वाधीन करावें लागतें.

जगांत याची दखल उशिरां कां होईना घेतली गेली. संकेतस्थळें सर्वांना वापरतां यावींत यासाठीं पहिलीं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वें १९९९ मध्यें प्रसिद्ध झालीं. अमेरिकेंत अंधांच्या राष्ट्रीय महासंघानें ‘टार्गेट’ या किरकोळ विक्रीच्या कंपनीवर २००६ मध्यें दावा लावला. तो २००८ मध्यें साठ लाख डॉलरांवर मिटला. भारतांत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें खाजगी सेवा देणाऱ्यांनाहि बांधून घेतलें. पुढें २०१७ मध्यें नियम निघाले. पण त्यांतील पंधरावा नियम शिफारस करी, सक्ति करीत नसे. सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें तो मूळ कायद्याशीं विसंगत ठरविला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं डिजिटल सेवा वापरतां येणें हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला.

अमरावती-अकोल्याच्या लहान दुकानदाराला यासाठीं मोठेंसें भांडवल लागत नाहीं. ‘मोरपंखी रंगाची सुती साडी, काठ बोटभर रुंद, जरीचा’ एवढी एक ओळ चित्राला जोडली कीं पुष्कळ काम होतें. गादीवरचा दुकानदार हीच ओळ गिऱ्हाइकाला पिढ्यान्‌पिढ्या तोंडानें सांगत आलेला आहे. ती लिहिण्याचें काम मात्र बहुधा संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याकडे जातें, आणि त्यानें ती साडी कधीं हातांत घेतलेली नसते.