मोहफूल, घरगुती भट्टी आणि आबकारी कायदा : साकोली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

घरच्या घरी मद्य गाळण्याची प्रथा जगातील अनेक कृषिसमाजांत आढळते. ज्या प्रदेशात जे पिकते किंवा जे सहज मिळते, त्याचेच मद्य तेथे तयार होते. उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या युरोपीय शेतकऱ्यांनी राय नावाचे गव्हाच्या कुळातील धान्य आंबवून व्हिस्की गाळली. कोकणात आणि गोव्यात माडाची माडी व काजूच्या बोंडांची फेणी आली. भंडारा जिल्हा हा पूर्व विदर्भातील भाताचा प्रदेश म्हणून प्रसिद्ध आहे. असे असताना साकोली परिसरातील पारंपरिक मद्य मात्र धानापासून नव्हे, तर रानातील मोहाच्या फुलापासून तयार होत आले. या मद्याचा इतिहास हा केवळ एका पेयाचा इतिहास नाही. रानावरील हक्क, शासनाचा महसूल, आदिवासींची धर्मरीत आणि गावातील स्त्रियांचे जगणे या चारही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. एकच कृती एका काळी रीत, दुसऱ्या काळी महसुलाची बाब आणि तिसऱ्या काळी गुन्हा कशी ठरली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मोहवृक्ष आणि मद्यनिर्मितीची पारंपरिक पद्धती

साकोली हा चुलबंद नदीच्या खोऱ्यातील, तलावांनी आणि वनांनी वेढलेला तालुका होय. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग येथून जातो आणि नागझिऱ्याचे अरण्य येथून जवळ आहे. या भागातील पानझडीच्या जंगलात आणि शेताच्या बांधांवर मोहाची झाडे विपुल आहेत. मार्च-एप्रिल महिन्यांत, झाड जवळजवळ निष्पर्ण असताना त्याला फुले येतात आणि त्यांच्या रसाळ पाकळ्या पहाटे गळून पडतात. ती वेचण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया व मुले करतात. फुले उन्हात वाळवून वर्षभर साठविता येतात. त्यानंतर येणाऱ्या फळांना टोळी म्हणतात व त्यांच्या बियांपासून तेल काढले जाते. हाताशी पीक नसण्याच्या दिवसांत हे झाड अन्न, तेल आणि रोख रक्कम अशा तिन्ही गरजा भागविते. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांची झळ मध्य प्रांताला तीव्रतेने बसली. अशा दुष्काळांत वाळलेले मोहफूल हे वनवासी कुटुंबांचे आधाराचे अन्न होते. म्हणून मोहफुलाचा विचार केवळ मद्याचा कच्चा माल म्हणून करणे इतिहासाशी सुसंगत ठरत नाही.

धान्याऐवजी फुलाची निवड का झाली, याचे उत्तर काही अंशी रसायनशास्त्रात सापडते. राय, जव किंवा तांदूळ यांत पिष्टमय पदार्थ असतात. पिष्टाचे थेट मद्य होत नाही. प्रथम त्याची साखर व्हावी लागते. त्यासाठी धान्याला मोड आणून, ते वाळवून भरडावे लागते व ऊन पाण्यात कालवून ठेवावे लागते. मोड आलेल्या दाण्यातील विकर पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात आणि त्यानंतरच आंबण्याची क्रिया सुरू होते. मोहफुलात मात्र साखर तयारच असते. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग साखरेचा असतो. फुले पाण्यात भिजवून काही दिवस ठेवली की निसर्गतः असलेल्या किण्वामुळे ती आंबतात. या आंबलेल्या मिश्रणाला या भागात ‘सडवा’ म्हणतात. सडवा मडक्यात तापवून त्याची वाफ थंड पाण्याच्या साहाय्याने पुन्हा द्रवरूप केली की मद्य मिळते. या कृतीस लागणारी साधने म्हणजे मातीची भांडी, नळी, सरपण आणि पाणी. ती प्रत्येक घरी उपलब्ध होती. शिवाय धान हे पोटाचे व साऱ्याचे पीक होते, तर मोहफूल रानातून वेचून आणता येत होते. त्यामुळे धान मद्यासाठी खर्ची घालण्याची गरज पडली नाही.

गोंड समाजात या मद्याला धार्मिक स्थान आहे. पेनपूजेत, जन्म, विवाह व मृत्यूच्या विधींत प्रथम काही थेंब भूमीवर सांडून देवांना व पूर्वजांना अर्पण केले जातात आणि मग ते इतरांना दिले जाते. गावच्या पंचायतीत भांडण मिटल्याची खूणही सामूहिक मद्यपानाने होत असे. अर्थात, गावातील सर्व मद्य घरगुती नव्हते. मद्य गाळून विकणे हा कलार जातीचा परंपरागत व्यवसाय होता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात या जातीची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजेच घरासाठी गाळणारा आणि विक्रीसाठी गाळणारा हा भेद ब्रिटिश अमलाच्या आधीपासून समाजाला ठाऊक होता. पुढील काळात कायद्याने हाच भेद पुसला, असे दिसून येते.

ब्रिटिश काळातील आबकारी व्यवस्था

नागपूरचे भोसले राज्य खालसा झाल्यानंतर १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि भंडारा जिल्हा त्यात समाविष्ट झाला. तत्कालीन साकोली तहसील आजच्या तालुक्याहून बरीच विस्तीर्ण होती व तीत जमीनदाऱ्यांचा मोठा वनप्रदेश होता. मराठी राजवटीतही मद्यविक्रीवर ‘कलाली’ या नावाने कर घेतला जाई. ब्रिटिशांनी मात्र मद्याकडे जमीनमहसुलाला पूरक असा स्थिर उत्पन्नाचा स्रोत म्हणून पाहिले. १८८१ व १८९६ च्या अबकारी कायद्यांनी आणि पुढे १९१५ च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याने परवान्याशिवाय मद्य तयार करणे, बाळगणे व विकणे यांवर बंधने आली.

या काळात दोन पद्धती प्रचलित होत्या. दुर्गम भागात भट्टीचा मक्ता लिलावाने दिला जाई. मक्तेदार ठरावीक रक्कम सरकारात भरून गावातच मद्य गाळून विके. दुसऱ्या पद्धतीत मद्य एका नियंत्रित केंद्रीय भट्टीतच तयार होई आणि त्याची तीव्रता मोजून त्यानुसार प्रतिगॅलन कर आकारला जाई. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीने मक्त्याची भट्टी मोडून नियंत्रित पुरवठ्याच्या पद्धतीकडे जाण्याची दिशा दाखविली. शासनाच्या दृष्टीने हा बदल तर्कसंगत होता. ज्याची मोजणी होत नाही, त्यावर कर बसत नाही. मडक्यातून उतरणाऱ्या धारेची तीव्रता कोणत्याही उपकरणाने मोजली जात नव्हती. त्यामुळे महसुलाच्या नजरेत घरगुती भट्टी ही प्रथम चोरी ठरली. ती अनीती नंतर ठरली.

मुंबई इलाख्यात हे धोरण आणखी पुढे गेले. तेथे १८७८ चा अबकारी कायदा होताच. त्यानंतर १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत खुद्द मोहफुलाच्या साठ्यावर व वाहतुकीवर नियंत्रण आणले. मद्याऐवजी फुलालाच अपराधाच्या कक्षेत आणणारी ही तरतूद होती. ज्या घरात फूल अन्न म्हणून साठविले जाई, त्या घरालाही संशयाच्या छायेत राहावे लागले.

अमेरिकेतील एक समांतर उदाहरण

छोट्या उत्पादकावर अबकारी कराचा भार अधिक पडतो, हे केवळ भारतातच घडले असे नाही. अमेरिकेच्या संघराज्याने १७९१ मध्ये मद्यावर कर बसविला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकरी रायसारख्या धान्याची घरीच व्हिस्की गाळत. डोंगर ओलांडून धान्य पूर्वेकडील बाजारात नेणे परवडत नव्हते. त्याची व्हिस्की केली की वजन घटे व किंमत वाढे. रोख पैशाची टंचाई असल्याने व्हिस्की विनिमयाचे साधनही होती. करपद्धती मोठ्या कारखानदारांना सोयीची व लहान उत्पादकांना जाचक होती. त्यातून जो उठाव झाला, तो मोडण्यासाठी अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना १७९४ मध्ये सुमारे १३,००० सैनिकांची फौज उभारावी लागली. तो कर १८०२ मध्ये रद्द झाला. विशेष म्हणजे पुढे वॉशिंग्टन यांच्याच माउंट व्हर्नन येथील जागेत १७९७ पासून रायची व्हिस्की मोठ्या प्रमाणावर गाळली जाऊ लागली.

दोन्ही प्रसंगांत साम्य असले तरी एक मूलभूत फरक आहे. पेनसिल्व्हेनियातील शेतकरी मतदार होते आणि त्यांच्या विरोधाची राजकीय दखल घेणे भाग पडले. साकोलीच्या रानातील गोंड कुटुंबाला वसाहतकालीन विधिमंडळात आवाज नव्हता. त्याचा विरोध लपून गाळण्याच्या रूपातच व्यक्त होऊ शकला.

दारूबंदीचा कालखंड आणि सीमारेषेचा परिणाम

१९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले आणि मद्यत्याग हा राष्ट्रीय चळवळीचा भाग बनला. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी दारूबंदीचा कायदा झाला व तो निवडक भागांत लागू करण्यात आला. महसुलासाठी मद्य विकणाऱ्या परकीय सत्तेला विरोध करणे हे या चळवळीचे बळ होते. तथापि सरकारी दुकानातील मद्य आणि घरातील विधीचे मद्य यांत तिने सहसा भेद केला नाही. मध्य प्रांतात राहून आदिवासींचा अभ्यास करणारे व्हेरिअर एल्विन यांनी मात्र अबकारी धोरणाचे आदिवासी जीवनावर होणारे दुष्परिणाम सातत्याने मांडले.

१९५० ते १९५६ या काळात भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ मध्ये राज्याच्या उर्वरित भागाला लागू करण्यात आला. १ मे १९६० नंतर महाराष्ट्रात हीच व्यवस्था कायम राहिली. या कायद्याने मद्य गाळणे व बाळगणे यांबरोबर मोहफुलाच्या व्यवहारावरही नियंत्रण ठेवले. अशा रीतीने ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावर जन्मलेले धोरण पूर्व विदर्भाच्या रानात पोहोचले.

येथे राज्यसीमेचा परिणाम स्पष्टपणे दिसतो. शेजारचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला व तेथे १९१५ चाच कायदा सुधारणांसह चालू राहिला. केंद्र शासनाने १९७५ च्या सुमारास आदिवासी भागांसाठी अबकारी धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत व्यापारी मद्यविक्री थांबविण्याचा आणि आदिवासींना घरगुती वापरापुरते मद्य तयार करू देण्याचा विचार होता. मध्य प्रदेशाने अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींना स्वतःच्या वापरासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मद्य गाळण्याची मुभा कायद्यात दिली. बालाघाटमधील बैहर हा भाग अशा क्षेत्रात येतो. एकेकाळी एकाच प्रांतात, एकाच कायद्याखाली असलेल्या दोन गोंड कुटुंबांपैकी एकाची भट्टी आज कायदेशीर आहे, तर दुसऱ्याची ‘हातभट्टी’ म्हणून जप्त होते.

१९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्री व सेवनावर बंदी वा नियमन करण्याचा अधिकार दिला. परंतु तो अनुसूचित क्षेत्रापुरता आहे. भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने साकोलीतील ग्रामसभांना त्याचा लाभ मिळत नाही.

स्त्रियांचा प्रश्न

घरगुती भट्टीचा इतिहास केवळ हक्काच्या भाषेत लिहिणे एकांगी ठरेल. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात स्त्रियांच्या व ग्रामस्थांच्या दीर्घ चळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. या चळवळींमागे मारहाण, कर्ज आणि बुडालेली मजुरी यांचा अनुभव होता. मोहफूल वेचणारी, सडवा घालणारी आणि मद्यपी पतीचा मार खाणारी बहुधा एकच स्त्री असते, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. विधीसाठी गाळलेले मद्य आणि रोज विकण्यासाठी गाळलेले मद्य यांतील सीमारेषा गावात कशी ओलांडली जाते, हे तिलाच सर्वप्रथम कळते.

त्याचबरोबर विषारी दारूच्या दुर्घटनांचे खापर मोहफुलावर फोडणेही अयोग्य आहे. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक बळी घेणारे द्रव्य औद्योगिक मिथेनॉल होते. मोहाऐवजी गूळ व नवसागर वापरून घाऊक प्रमाणात चालणारी हातभट्टी हीदेखील बंदीच्या काळातील बाजाराचे अपत्य आहे. ती परंपरा नव्हे.

शासनाच्या भूमिकेतील विसंगतीही नोंदविण्याजोगी आहे. २००७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्वारी-बाजरीसारख्या धान्यापासून मद्यार्क तयार करणाऱ्या कारखान्यांना प्रोत्साहन देण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यावर मोठा वाद झाला. अन्नधान्य आंबविणाऱ्या कारखान्याला प्रोत्साहन आणि रानातील फूल आंबविणाऱ्या घराला शिक्षा, असा त्याचा अर्थ झाला. २०२१ मध्ये मोहफुलाचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध महाराष्ट्राने शिथिल केले. वेचणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा महत्त्वाचा बदल होय. मध्य प्रदेशाने तर मोहाच्या मद्याला वारसा मद्याचा दर्जा देऊन आदिवासी गटांमार्फत त्याच्या उत्पादनाचा प्रयोग सुरू केला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, साकोली परिसरातील मोहाचे मद्य हे वनस्पतीच्या गुणधर्मातून आणि अन्नाच्या काटकसरीतून घडलेले स्थानिक ज्ञान आहे. दुसरी, ते अपराध ठरले ते प्रथम महसुलाच्या कारणाने. नैतिकतेचा आधार त्याला पुढे मिळाला. तिसरी, घरासाठी व विक्रीसाठी गाळणे हा समाजमान्य भेद कायद्याने पुसल्यामुळे परंपरा आणि काळा बाजार एकाच नावाखाली आले. चौथी, कोणत्या कुटुंबाला कोणता कायदा लागू होतो, हे त्याच्या रीतीवरून नव्हे, तर १९५६ च्या सीमारेषेवरून ठरले.

हा भेद पुन्हा प्रस्थापित करावयाचा असेल, तर तो मंत्रालयातून होणार नाही. कोणत्या सणाला किती मद्य चालेल आणि कोणत्या दारी विक्री चालते, हे गावाला माहीत असते. हा निर्णय ग्रामसभेने घ्यावा आणि त्या सभेत स्त्रियांच्या मताला निर्णायक वजन असावे. अनुसूचित क्षेत्राबाहेर राहिलेल्या साकोलीसारख्या तालुक्यांतील आदिवासी गावांनाही हा अधिकार मिळणे हे सुमारे दीड शतकाच्या आबकारी इतिहासाचे तर्कशुद्ध फलित ठरेल.