रेल्वेचा मार्ग आणि गावाचे मत

कोकणात रेल्वे यावी हे किनारपट्टीचे फार जुने स्वप्न होते. बॅरिस्टर नाथ पै ह्यांनी त्यासाठी संसदेत आवाज उठविला, प्रा. मधु दंडवते ह्यांनी तो ध्यास पुढे चालविला. अखेर जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 साली ह्या स्वप्नाला आकार आला. त्या वर्षी जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, त्याची धुरा ई. श्रीधरन ह्यांच्याकडे आली आणि सप्टेंबरात रोहा येथे पायाभरणी झाली. सुमारे 740 किलोमीटरचा हा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण खुला झाला. सुमारे 90 बोगदे आणि 2,000 च्या घरात लहानमोठे पूल बांधणाऱ्या अभियंत्यांचे व मजुरांचे ऋण कोकण कधीही विसरणार नाही.

ह्या यशोगाथेतील गोव्याचे प्रकरण मात्र क्वचितच सांगितले जाते. आपल्या दृष्टीने तेच अधिक बोधप्रद आहे.

गोव्यातील सुमारे 105 किलोमीटरचा मार्ग किनाऱ्याजवळच्या दाट वस्तीच्या पट्ट्यातून आखण्यात आला. वाटेत खाजण जमिनी होत्या. भरतीचे पाणी बांधांनी अडवून पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी ही शेते निर्माण केली. बांधातील ‘मानस’ नावाच्या दारांतून पाणी आत-बाहेर सोडले जाते आणि त्यावर भात व मासळी दोन्ही पोसली जातात. ह्या शेतांतून रेल्वेचा उंच भराव गेला तर पाणी तुंबेल, अशी ग्रामस्थांना भीती वाटली. करमळीच्या तळ्याची आणि जुन्या गोव्याच्या चर्चवास्तूंचीही चिंता होती. रेल्वे नको, असे विरोधकांचे म्हणणे नव्हते. ती पूर्वेकडील अंतर्भागातून न्यावी, एवढीच त्यांची मागणी होती.

प्रकरण न्यायालयात गेले. रेल्वे कायद्याने दिलेल्या व्यापक अधिकारांपुढे 1992 साली मुंबई उच्च न्यायालयात विरोधकांची याचिका टिकली नाही. आंदोलन वाढले तेव्हा 1993 साली केंद्राने गोव्यातील काम थांबवून न्यायमूर्ती ओझा ह्यांचा आयोग नेमला. तोपर्यंत दोन्ही बाजूंना काम बरेच पुढे गेले होते. हा प्रकल्प मुख्यतः रोख्यांतून उभारलेल्या पैशावर चालला होता, त्यामुळे विलंबाचा प्रत्येक दिवस व्याज वाढवीत होता. अशा वेळी मार्ग बदलणे जवळजवळ अशक्यच असते. शेवटी किनाऱ्याजवळचाच मार्ग कायम झाला.

कोण जिंकले आणि कोण हरले, ह्याचा हिशेब येथे मांडावयाचा नाही. गावकऱ्यांना जमिनीच्या मोबदल्याविषयी विचारण्यात आले. रेषा कोठून जावी हे मात्र नकाशा पक्का होण्यापूर्वी कोणी विचारले नाही, ही खरी उणीव होती. पाणी कोठून येते व कोठे साचते हे बांध राखणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते. चढ किती असावा, पूल कोठे टिकेल हे अभियंत्याला ठाऊक असते. ही दोन ज्ञाने आरंभीच एकत्र आली असती, तर पुढची कटुता बरीचशी टळली असती. त्या कटुतेतून वादाला धार्मिक रंग चढला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहू लागले, ही हानी तर कोणत्याही मोबदल्याने भरून येणारी नव्हती.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहावयास हवी. ‘आमच्याकडून नको, तिकडून न्या’ असे म्हणताना ‘तिकडे’ही माणसे आणि रानेवने आहेतच. म्हणून एकट्या गावाने हट्ट धरून भागत नाही. संपूर्ण प्रदेशातील गावांनी एकत्र बसून ओझे कसे वाटून घ्यावे हे ठरविले पाहिजे.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण हेच सांगते. लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये, असे अकरावे पायस ह्यांनी 1931 साली बजावले. पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात म्हटले की, पर्यावरणाच्या परिणामांचा अभ्यास प्रकल्प ठरल्यानंतर होऊ नये आणि त्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे. गोव्याची कहाणी वाचल्यावर ह्या वाक्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

आज कायदाही थोडीफार वाट करून देतो. महाराष्ट्रात 1966 च्या नगररचना कायद्यानुसार प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या जाहिराती आपण वाचतो का? मसुद्यातील नकाशा धर्मग्रामाच्या सभागृहात भिंतीवर लावावा, शेतकरी, मच्छीमार आणि रोज लोकलने प्रवास करणारी तरुण मंडळी ह्यांनी तो एकत्र पाहावा, शेजारच्या गावांतील इतर धर्मीय बांधवांनाही बोलवावे आणि मग मुदतीच्या आत लेखी निवेदन द्यावे. रेषा कागदावर असते तोवरच ती खोडून पुन्हा काढता येते. जमिनीवर भराव पडल्यावर उरतात ती केवळ आंदोलने आणि आयोग.