हिंगण्याची झोपडी, कोथरूडचा कारखाना

उद्योग आणि शाळा यांच्या भागीदारीची चर्चा हल्ली सीएसआरपासून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीपासून, सुरू होते. 2013च्या कंपनी कायद्यातील कलम 135ने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. शिक्षण त्या यादीत असल्याने शाळांच्या फाटकात कंपन्यांच्या गाड्या थांबू लागल्या. पण या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने सुरुवात पुण्याच्या कर्वेनगरातून करावी, असे मला वाटते.

या भागाचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. 1896 साली सुरू झालेल्या अण्णा कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाला रावबहादूर गोखल्यांनी इथे सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. 1916 साली महिला विद्यापीठही इथेच सुरू झाले. पुढे 1920 साली गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी देऊ केली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले आणि 1936 साली मुख्यालय मुंबईला गेले. या पैशाने विद्यापीठ तगले, यात वाद नाही. मात्र देणगीमागून अटी येतात, आणि त्या अटींचा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी लिहीत नाही. देणगीदाराच्या पाटीचे फोटो तेवढे भरपूर सापडतात.

1991 साली, कर्व्यांच्या त्या आश्रमातून वाढलेल्या संस्थेने कर्वेनगरात मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. नाव कमिन्स या इंजिन कंपनीचे, घर कर्व्यांच्या संस्थेचे. किर्लोस्करांच्या भागीदारीत 1962 साली सुरू झालेल्या या कंपनीचा कोथरूडचा इंजिन कारखाना इथून जवळच. कारखाना शेजारी असला की रकमेखेरीज आणखी काही मागता येते: शॉप फ्लोअर पाहणे, प्रकल्पासाठी खरी अडचण, दोन तास बोलायला एखादा अभियंता. माझ्या मते भागीदारीची कसोटी या मागण्यांत आहे, धनादेशात नाही.

महाविद्यालयाला हे जमते, कारण तिथली मुलगी उद्या कंपनीच्याच कामाची असते. आठवीतल्या मुलाबद्दल तसे म्हणता येत नाही. त्याला काय शिकवायचे, हे कंपनीच्या आजच्या गरजेवर ठरवणे धोक्याचे. आणि शाळेला काय हवे हे कुणी विचारलेच नाही, तर संगणक येतात आणि खोलीला कुलूप लागते. अभ्यासाचा खरा मळा इथे आहे, आणि तो बराचसा पडीक आहे.

तेव्हा या विषयात जरूर या, पण आधी जवळच्या एखाद्या शाळेत जाऊन तिचा कंपनीशी झालेला करारनामा मागून वाचा. रक्कम सगळेच पाहतात. शिक्षकांचा किती वेळ जाणार आणि तो कुठून काढायचा, याचे कलम त्यात आहे का, ते शोधा.