शीतलामातेचे चाकसू आणि देवी रोगाचे उच्चाटन

राजस्थानमध्ये जयपूरच्या दक्षिणेस असलेले चाकसू हे तालुक्याचे ठिकाण शील डुंगरीवरील शीतलामातेच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. उत्तर भारतातील चैत्र कृष्ण अष्टमीला, म्हणजेच महाराष्ट्रातील पंचांगानुसार फाल्गुन वद्य अष्टमीला, येथे मोठी यात्रा भरते. या दिवशी चूल न पेटवता आदल्या दिवशी शिजवलेल्या थंड अन्नाचा नैवेद्य दाखवला जातो. देवीच्या रोगापासून मुलाबाळांचे रक्षण करणारी देवता, अशी शीतलामातेविषयी श्रद्धा आहे. मराठीत तर या रोगाचे नावच 'देवी' असे रूढ झाले.

देवी हा व्हेरिओला या विषाणूमुळे होणारा रोग होता. रुग्णाच्या निकट सहवासात त्याच्या नाकातोंडातून उडणारे तुषार, तसेच फोडांतील द्रवाने दूषित झालेले कपडे व अंथरूण यांमार्फत त्याचा प्रसार होत असे. गंभीर प्रकारात सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या चेहऱ्यावर व्रण राहत, तर काहींना कायमचे अंधत्व येत असे.

रुग्णाच्या घराला कडुनिंबाचे डहाळे बांधून बाहेरच्यांना मज्जाव करण्याची जुनी प्रथा विलगीकरणाला पूरकच होती. मात्र, रोग हा देवीचा कोप आहे या समजुतीतून काही ठिकाणी रुग्ण लपवले जात व लसही नाकारली जाई.

भारतात देवीची लस प्रथम मुंबईत टोचण्यात आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती देण्यात आली. तरीही हा रोग पुढे पावणेदोनशे वर्षे देशात टिकून राहिला. १९७४ च्या मोठ्या साथीत भारतात हजारो जणांचा बळी गेला. त्यानंतर आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन रुग्णांचा शोध घेतला आणि प्रत्येक रुग्णाच्या संपर्कातील सर्वांना लस टोचली. माहिती देणाऱ्यांसाठी बक्षीसही जाहीर झाले. मे १९७५ मध्ये देशातील अखेरचा रुग्ण आढळला. १९७७ मध्ये भारत, तर ८ मे १९८० रोजी संपूर्ण जग देवीमुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले.

या यशामागे विषाणूची काही वैशिष्ट्येही कारणीभूत होती. त्याला माणसाखेरीज अन्य प्राण्याचा आश्रय नव्हता, रुग्ण पुरळावरून सहज ओळखता येत असे आणि लशीमुळे दीर्घकाळ संरक्षण मिळत असे. आज या विषाणूचे अधिकृत साठे केवळ अमेरिका व रशियातील प्रत्येकी एका प्रयोगशाळेत आहेत.

देवीची लस टोचणे थांबल्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांना या कुळातील विषाणूंपासून ते संरक्षण नाही. त्यामुळेच २०२२ मध्ये याच कुळातील एमपॉक्सचा जगभर फैलाव झाला, तेव्हा जुन्या लशीचे महत्त्व पुन्हा चर्चेत आले. त्याच वर्षी मुंबईत गोवराच्या साथीने बालकांचे बळी घेतले. गोवराचा विषाणूही माणसांतच टिकून राहतो आणि त्यावर प्रभावी लस उपलब्ध आहे. परंतु तो देवीपेक्षा कितीतरी वेगाने पसरत असल्याने एकही बालक लशीविना राहू न देणे, हाच त्याला रोखण्याचा मार्ग आहे.