शादीखान्याची चावी देताना : जमातीच्या हॉलमधील सुरक्षिततेची माहिती

निकाह, वलीमा, अकीका, इफ्तार, मुलांच्या सत्काराचा कार्यक्रम. आपल्या घरातलं कोणतंही कार्य निघालं की पहिली आठवण येते जमातीच्या हॉलची. कुठे त्याला शादीखाना म्हणतात, कुठे जमातखाना, कुठे नुसतं कम्युनिटी हॉल. भाडं परवडणारं असतं आणि गरीब घराला बऱ्याचदा माफही होतं. चालवणारी मंडळी दुकान-नोकरी सांभाळून खिदमत म्हणून हे काम करतात. त्यांची ही मेहनत मोठी आहे, त्यात शंका नाही.

पण याच व्यवस्थेत एक धोका लपलेला असतो. हॉल ट्रस्टचा, मंडप डेकोरेटरचा, जेवण बावर्चीचं आणि कार्यक्रम लग्नघराचा. त्यामुळे सुरक्षिततेचं काम सगळ्यांचं असतं आणि म्हणून कुणाचंच नसतं. ते नक्की कुणी, कधी आणि कसं करायचं, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत. ट्रस्टींनी ती वाचावीच, पण हॉल बुक करणाऱ्या घरांनीही वाचावी.

जबाबदारी कुणाची?

अनेक ठिकाणी भाडेपावतीवर ‘अपघातास ट्रस्ट जबाबदार राहणार नाही’ असा शिक्का असतो. एवढ्या शिक्क्याने जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीपासून संरक्षणाची व्यवस्था करणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं हे इमारतीच्या मालकाचं किंवा ताबेदाराचं काम आहे. ही व्यवस्था ठीक असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं. आपल्या हॉलचं शेवटचं प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचं आहे, हे पुढच्या मीटिंगमध्ये विचारायला हरकत नाही.

कायदा बाजूला ठेवला, तरी वक्फ असो की धर्मादाय ट्रस्ट, मालमत्ता ही अमानत आहे. तिथे येणाऱ्या माणसाचा जीवही त्याच अमानतीत येतो. म्हणून ट्रस्टने ठरावाने एका माणसाला सुरक्षिततेची जबाबदारी द्यावी आणि त्याचं नाव व मोबाइल नंबर हॉलच्या भिंतीवर लावावा. ‘कमिटी बघेल’ हे उत्तर चालणार नाही.

हॉलमध्ये किती माणसं?

‘आमच्या हॉलमध्ये हजार माणूस बसतो’ असं अभिमानाने सांगितलं जातं. माणसं किती मावतात यापेक्षा किती जण सुखरूप बाहेर पडतील, हे महत्त्वाचं. गर्दीच्या जागांसाठी साधारण माप असं धरता येतं. खुर्च्या मांडून बसायचं असेल तर माणशी ०.६ चौरस मीटर आणि जेवणाची जागा असेल तर माणशी १.५ चौरस मीटर.

उदाहरण घेऊ. हॉल ४० फूट बाय ६० फूट, म्हणजे २,४०० चौरस फूट किंवा सुमारे २२३ चौरस मीटर. खुर्च्यांवर साधारण ३७० माणसं आणि जेवणाला एका वेळी साधारण १५० माणसं. स्टेजची जागा यातून वजा करा. हा आकडा दारावर रंगवून ठेवा. पाहुणे जास्त असतील तर जेवणाच्या पंगती वाढवा.

बाहेर पडायची वाट, आणि वरचा मजला

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या मंडी डबवाली इथे शाळेच्या कार्यक्रमात शामियान्याला आग लागली. ४०० हून अधिक जीव गेले, त्यात लहान मुलं मोठ्या संख्येने होती. पेट घेणारं कृत्रिम कापड आणि बाहेर पडायला अपुरी वाट, ही त्यामागची मुख्य कारणं होती. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण गेले, ते मुख्यतः धुरात गुदमरून. बाल्कनीतल्या जादा खुर्च्यांनी तिथली वाट अडली होती.

या दोन घटना सांगायचं कारण आपल्या हॉलची रचना. आपल्याकडे महिलांची बसायची सोय बहुधा वरच्या मजल्यावर किंवा पडद्यामागे असते. मुलंही त्यांच्यासोबतच असतात. वर जायला जिना एकच, खिडक्यांना पक्की ग्रिल आणि जिन्याखाली गाद्या, सतरंज्या, मंडपाचं सामान. धूर नेहमी वर चढतो. खालच्या पुरुषांच्या बाजूला आग लागली, तर सगळ्यात आधी कोंडी होईल ती वरच्या आया-बहिणींची आणि लेकरांची.

म्हणून ट्रस्टने एवढं पाहावं :

- महिलांच्या भागाला दुसरी, वेगळ्या बाजूची वाट असावी. नसेल तर बाहेरून लोखंडी जिना बांधणं हा हॉलच्या खर्चातला पहिला खर्च असावा. एसी आणि झुंबर नंतर.
- ती सोय होईपर्यंत महिलांची बैठक तळमजल्यावर ठेवावी आणि पुरुषांची वर.
- पडदा दरवाजावरून ओढू नये. पडदा करायचा असेल तर दरवाजा सोडून, आत चार-पाच फुटांवर फ्रेम लावावी.
- दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडणारे असावेत. कार्यक्रम चालू असताना एकाही दरवाजाला कुलूप नको. बिनबोलावलेली माणसं येतात म्हणून मागचं दार बंद करण्याऐवजी तिथे माणूस उभा करावा.
- वीज गेली तरी पेटणारे बॅटरीचे दिवे जिन्यात असावेत.

वीज आणि मंडप

डेकोरेटरची पोरं घाईत असतात. प्लग नसेल तर उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून वर माचिसची काडी खुपसतात. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. असं जोडकाम ढिलं राहतं, तापतं आणि ठिणगी पडते. ट्रस्टने स्पष्ट नियम करावा की प्लगशिवाय वायर जोडायची नाही. मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवावं. करंट गळायला लागला की ते क्षणात पुरवठा तोडतं. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. अर्थिंगची तपासणी पावसाळ्याआधी करावी. हॅलोजनचा दिवा कापडाला किंवा थर्माकोलला चिकटून नको.

जनरेटर कायम बाहेर उघड्यावर ठेवावा. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद जागेत तो जीव घेतो. दूल्हा आल्यावर हॉलच्या आत फटाके किंवा ‘कोल्ड पायरो’ उडवायची फॅशन आली आहे. तिला सरळ नाही म्हणावं.

देग, गॅस आणि आग विझवणं

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो खाली साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात, जिन्याखाली किंवा बंद खोलीत नको. तो मोकळ्या हवेत आणि उभाच असावा. रबरी नळीला चिरा असतील तर ती त्याच दिवशी बदलावी. देग लाकडावर चढणार असेल तर चूल मंडपाच्या कापडापासून लांब आणि वाऱ्याची दिशा बघून मांडावी.

गॅसचा वास आला तर लाइटचं बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, माणसं बाहेर काढावीत आणि १९०६ वर फोन करावा. तेलाने पेट घेतला तर पाणी कधीच टाकू नये. गॅस बंद करून झाकण ठेवावं.

आग विझवणाऱ्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते पाहावं. वापरायची रीत सोपी आहे. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. मोहल्ल्यातल्या दहा-पंधरा तरुणांना अग्निशमन दलाकडून एकदा हे शिकवून घ्यावं.

बिर्याणी उरली तर

रात्री दोनला शिजवलेली देग दुपारी दोनला वाढली जाते. हे धोक्याचं आहे. तांदळातले काही जंतू शिजवूनही टिकतात आणि अन्न कोमट राहिलं की वाढून विष तयार करतात. पुन्हा गरम केलं तरी ते विष जात नाही. अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे. बावर्चीकडे एफएसएसएआयचा १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक आहे का, तेही विचारावं.

उरलेलं अन्न मदरशात किंवा वस्तीत पाठवायची आपली पद्धत चांगली आहे. पण पाठवायचं तर ते गरम असतानाच, त्याच वेळी. रात्रभर देगीत राहिलेलं सकाळी मुलांपुढे ठेवणं म्हणजे सदका नव्हे. जे आपल्या मुलांना खायला देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलांनाही देऊ नये.

पाणी आणि संडासाची टाकी

पाण्याची टाकी दर सहा महिन्यांनी धुवावी आणि धुतल्याची तारीख टाकीवर लिहावी. वजूखान्याची फरशी घसरडी नको. म्हाताऱ्या माणसांना धरायला दांडी बसवावी.

संरक्षक साधनं न देता मैल्याच्या टाकीत माणूस सफाईला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही जातो. थोडे पैसे वाचावेत म्हणून कुणाच्या घरचा कर्ता आत पाठवू नका. सक्शन गाडीच बोलवा.

चावी देण्याआधीची दहा मिनिटं

चावी देताना जबाबदार माणसाने लग्नघरातला एक जण, डेकोरेटर आणि बावर्ची यांना घेऊन हॉलमधून एक फेरी मारावी. सगळे दरवाजे उघडून पाहावेत. जिना मोकळा आहे ना, सिलिंडर कुठे आहे, मेन स्विच कुठे आहे, आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे, हे दाखवावं. मग वहीत चौघांच्या सह्या घ्याव्यात. भिंतीवर १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका आणि ११२ हे नंबर मोठ्या अक्षरात असावेत. प्रथमोपचार पेटी हाताशी असावी. कुणी भाजलं तर जखमेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नये.

रात्री झोपताना विस्तव विझवा आणि भांडी झाकून ठेवा, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आहे. घरात आपण ती पाळतो. जमातीचा हॉलही आपलंच घर आहे. पुढच्या जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटं काढून आपल्या हॉलचं मागचं दार उघडतं का, एवढं तरी बघून या. उघडलं नाही, तर पुढची बुकिंग घेण्याआधी ते दुरुस्त करा.