न हंसणारा नट

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत हास्यरसाचे आत्मस्थ व परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. नट स्वतः हंसतो तें आत्मस्थ. दुसऱ्याला हंसवितो तें परस्थ. बहुतेक विनोदी नट या दोहोंची सांगड घालतात, कारण आपल्या हंसण्याची लागण प्रेक्षकांना होईल असा त्यांचा भरंवसा असतो. बस्टर कीटन या अमेरिकन नटानें मात्र आपल्या उत्कृष्ट मूकपटांतून पहिला भेद जवळजवळ वर्ज्यच केला. त्यामुळें ‘दगडी चेहऱ्याचा नट’ हें बिरुद त्याला चिकटलें. तें जितकें प्रसिद्ध आहे तितकेंच फसवें आहे.

कीटनचा जन्म १८९५ सालीं कॅन्सस संस्थानांतील पिक्वा या खेड्यांत झाला. आईबाप गांवोगांव फिरून करमणुकीचे खेळ करीत. त्या खेळांत लहानगा बस्टर बापाची खोडी काढी आणि बाप त्याला उचलून रंगभूमीवर फेकून देई. आपटल्यावर पोर हंसलें कीं प्रेक्षक थंड पडत. तें गंभीर राहिलें कीं हंशा पिके. हा धडा त्यानें पडतां पडतां आत्मसात केला. १९१७ सालीं रॉस्को आर्बकल या नटाच्या लघुपटांतून त्याचा चित्रसृष्टींत प्रवेश झाला, आणि १९२० पासून तो स्वतःचे चित्रपट स्वतःच रचूं लागला.

त्या चित्रपटांत ‘द जनरल’ (१९२६) हा मुकुटमणि होय. अमेरिकन यादवी युद्धांतील १८६२ सालच्या एका खऱ्या घटनेवर तो आधारलेला आहे. आगगाडीचा ड्रायव्हर जॉनी ग्रे सैन्यांत भरती होऊं पाहतो. ड्रायव्हर म्हणूनच त्याचा अधिक उपयोग आहे असें ठरवून अधिकारी त्याला परत पाठवितात, पण कारण सांगत नाहींत. प्रेयसी त्याला भेकड समजते. खिन्न जॉनी इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर जाऊन बसतो. इंजिन चालूं लागतें, दांडा वरखालीं होतो, त्याबरोबर जॉनीही वरखालीं होतो. परंतु त्याची बैठक मोडत नाहीं कीं मुद्रा बदलत नाहीं. इंजिन शेडमध्यें शिरूं लागतें तेव्हां कोठें त्याला भान येतें. दुसऱ्या एखाद्या नटानें येथें डोळे पुसले असते. कीटन दुःखाचें प्रदर्शन करीत नाहीं. आपण हालत आहों हेंही ज्याला उमगत नाहीं त्याचें दुःख केवढें असेल, याचा हिशेब तो प्रेक्षकावर सोपवितो.

याच चित्रपटांत चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसून, रुळावर आडवा पडलेला एक स्लीपर तो हातांतला दुसरा स्लीपर नेमका त्याच्या टोकावर टाकून उडवून लावतो. त्या क्षणीं त्याच्या चेहऱ्याकडे पाहावें. ओठ निश्चल असतात, पण मोठे डोळे अंतर मोजीत असतात. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ (१९२८) मध्यें वादळांत एका घराची सबंध दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते. माळ्याच्या उघड्या खिडकीची जागा नेमकी त्याच्यावर येते आणि तो जागच्या जागीं उभा राहतो. भिंत खरोखरीची जड होती, आणि भोंवतीं मोकळी जागा अवघी कांहीं इंच होती. कामांत गढून गेलेल्या कारागिराचा चेहरा असाच स्थिर असतो. त्याला भावनाशून्य कोण म्हणेल?

१९२८ सालीं त्यानें स्वतंत्र निर्मिति सोडून मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीशीं करार केला. ही आपली घोडचूक झाली, असें पुढें त्यालाही वाटलें. कथेवरचा व दिग्दर्शनावरचा त्याचा हात सुटला, मद्यपान वाढलें, आणि १९३३ सालीं कंपनीनें त्याला काढून टाकलें. वैभव गेलें, चेहरा तेवढा उरला. उतारवयांतील त्याच्या लहानसहान भूमिका या दृष्टीनें पाहण्यासारख्या आहेत.

‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) मध्यें तो एका विस्मृत तारकेच्या घरीं पत्ते खेळत बसतो आणि ‘पास’ एवढाच शब्द उच्चारतो. मूकपटांचें सारें युगच त्या शब्दांत डाव सोडतें. चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’ (१९५२) मध्यें तो पियानोवादक आहे. समोरचे स्वरलिपीचे कागद घसरत राहतात आणि तो तितक्याच निष्ठेनें ते सांवरत राहतो. सॅम्युएल बेकेटनें लिहिलेल्या ‘फिल्म’ (१९६५) या लघुपटांत कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्या पाठीमागें असतो. चेहरा दिसतो तो अगदीं अखेरीस. ज्याची सारी कीर्ति चेहऱ्यावर उभी, त्यानें तेथें केवळ पाठीनें आणि चालीनें भय प्रकट केलें आहे.

१ फेब्रुवारी १९६६ रोजीं त्याचें निधन झालें. त्याच वर्षीं पुढें प्रदर्शित झालेल्या ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टु द फोरम’ या चित्रपटांत चांच्यांनीं पळविलेलीं आपलीं मुलें शोधणारा म्हातारा त्यानें रंगविला आहे. एका भोंदू ज्योतिष्याच्या सांगण्यावरून तो रोमच्या सात टेकड्यांभोंवतीं सात फेऱ्या घालूं लागतो. भोंवतीं गाणीं, धांवपळ आणि आरडाओरड चाललेली असते. मधून मधून हा म्हातारा गंभीरपणें येतो आणि पुढील फेरीला निघून जातो. जग त्याला हंसत असतें, पण त्याला मुलांखेरीज कांहींच दिसत नाहीं. भरतमुनींच्या परस्थ हास्याचें याहून निर्मळ उदाहरण सांपडणें कठीण.