भट्टीवाचून काच

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक कपाट होतं. त्यात बेडूक, साप, विंचू असे फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले जीव बरण्यांतून बसलेले असत. त्या रांगेत एक बरणी मात्र कोरडी होती. तिच्यात वीतभर उंचीची, पांढरी, जाळीदार नळी उभी होती. क्रोशाने विणून कडक खळ द्यावी तशी. चिठ्ठीवर नाव होतं 'युप्लेक्टेला'.

मी बी.ए. झालेला, इतिहास-मराठीचा मास्तर. विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडायचा. 1978 च्या पावसाळ्यात असाच एक तास आला. काय शिकवावं सुचेना, म्हणून मुलांना कपाटाशी नेलं आणि पुस्तकात पाहून सांगितलं, की ही समुद्रातल्या स्पंजाने केलेली काचेची टोपली आहे. एका मुलाचा मामा काचेच्या कारखान्यात होता. तो म्हणाला, "सर, काचेला भट्टी लागते. मग पाण्यात भट्टी कशी पेटवतात?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हटलं, "परीक्षेला येत नाही. बस खाली." तो बसला. त्या वर्षी त्याने मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

हे सगळं आठवायचं कारण जरा आडवळणाचं आहे. निवृत्तीनंतर मला जुन्या मुंबईतल्या तलावांविषयी वाचायचा नाद लागला. गोवालिया टँक, धोबीतलाव, सी. पी. टँक... नावं राहिली, तलाव बुजले. ते वाचताना हेन्री जॉन कार्टर हा माणूस भेटला. कंपनी सरकारचा डॉक्टर. दवाखाना सांभाळून हा गृहस्थ मुंबईच्या तलावांतले स्पंज आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसे. 1849 साली त्याने मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं सविस्तर वर्णन छापलं. 1862 मध्ये तो विलायतेला परतला आणि पुढे समुद्री स्पंजांचाही मोठा जाणकार ठरला. गोड्या पाण्यातल्या एका स्पंजाच्या नावात आजही 'कार्टेरी' आहे. मुंबईच्या इतिहासात आपण गव्हर्नरांची नावं पाठ करून घेतली, हा मात्र कुठल्याच धड्यात आला नाही. असो.

कार्टरच्या काळी स्पंज हा प्राणी आहे, ही गोष्टच तशी नवी होती. एडिंबरोजवळच्या किनाऱ्यावरचे स्पंज रॉबर्ट ग्रँटने 1825 च्या सुमारास निरखले आणि त्यांच्या छिद्रांतून पाण्याचा प्रवाह सतत बाहेर पडताना पाहिला. पुढे वर्षा-दोन वर्षांत तरुण डार्विन याच ग्रँटबरोबर समुद्रकिनारे धुंडाळत असे. आमच्या बरणीतल्या युप्लेक्टेलाला नाव दिलं रिचर्ड ओवेनने, 1841 साली, फिलिपाइन्सकडून आलेल्या नमुन्यावरून. जपानात ही टोपली लग्नात आहेर म्हणून देत, कारण तिच्या आत कोळंबीसारख्या छोट्या जीवांची एक जोडी जन्मभर राहते. लहानपणी जाळीतून आत शिरतात, मोठी झाली की बाहेर पडता येत नाही. आहेर म्हणून हे शुभ कसं, ते जपानी लोकच जाणोत!

तर मूळ मुद्दा सुयांचा. पुष्कळ स्पंजांचा सांगाडा सिलिकाच्या बारीक सुयांचा असतो. त्यांना शास्त्रात कंटिका म्हणतात. सिलिका म्हणजे वाळूतलं आणि काचेतलं द्रव्य. एकोणिसाव्या शतकातल्या सूक्ष्मदर्शकांतूनही दिसे, की अशा सुईच्या अगदी मधोमध एक धागा जातो. उदबत्तीच्या मसाल्यात काडी असावी तसा. धागा अनेकांनी पाहिला. तो प्रथिनाचा आहे हेही पुढे कळलं. पण तो तिथे करतो काय, याचं उत्तर यायला 1998 साल उजाडलं.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर टेथिया नावाचा नारिंगी, चेंडूसारखा स्पंज असतो. सुकवल्यावर त्याच्या वजनाचा पाऊण हिस्सा नुसत्या सुयांचा भरतो. सांता बार्बराच्या विद्यापीठात शिमिझू, मोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन-दोन मिलिमीटरच्या सुया घेतल्या, हायड्रोफ्लोरिक आम्लाने काच विरघळवून टाकली आणि उरलेले धागे तपासले. त्यांत सापडलेल्या प्रथिनाला त्यांनी 'सिलिकेटिन' म्हटलं.

गंमत पुढेच आहे. या प्रथिनाची रचना 'कॅथेप्सिन' या एन्झाइमशी जुळली. कॅथेप्सिन आपल्याही पेशींत असतं आणि त्याचं काम प्रथिनांचे तुकडे करण्याचं. कच्च्या पपईत असतं ते पपेन याच घराण्यातलं. मटण लवकर शिजावं म्हणून पपई लावतात ना, तेच. म्हणजे तोडमोड करणाऱ्या घराण्यातला एक वंशज स्पंजात बांधकामाला लागला होता. फरक पाहावा तर मोक्याच्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं आलेलं, सिस्टीनच्या जागी सेरीन. 1999 मध्ये त्यांनी हे धागे सिलिकॉनच्या एका संयुगात ठेवले. एरवी त्यापासून सिलिका करायला आम्ल किंवा अल्क घालावं लागतं. इथे काही न घालता, साध्या तापमानाला धाग्यांवर सिलिका जमली. धागा सिलिका घडवतोही आणि तिला सुईचा आकारही देतो. काडीच मसाला तयार करते म्हणा ना!

समुद्राच्या पाण्यात सिलिका विरघळलेल्या रूपात असतेच, अगदी थोडी. स्पंज ती ओढून घेतो. वितळवायचं काही नसतंच, म्हणून भट्टीही लागत नाही. कारखान्यात वाळू वितळवायला दीड हजार अंशांच्या आसपास तापवावं लागतं.

हे वाचून मला वाटलं, झालं, मिळालं त्या मुलाचं उत्तर. पण टेथिया हा एका वर्गातला स्पंज आणि आमच्या बरणीतला दुसऱ्या वर्गातला, खोल पाण्यातला काचस्पंज. त्याची कथा निराळी निघाली. 2015 मध्ये शिमिझूंनीच युप्लेक्टेलातून 'ग्लासिन' हे वेगळं प्रथिन शोधलं. 2024 मध्ये आणखी दोन: काचस्पंजाच्या सुईतला मधला धागा 'हेक्झॅक्सिलिन'चा असतो आणि 'पेरिसिलिन' बाहेरून थर चढवायला मदत करतं. त्यावरून असं दिसतं, की काचेचे सांगाडे करणाऱ्या स्पंजांच्या तिन्ही वर्गांनी ही विद्या स्वतंत्रपणे, वेगवेगळी प्रथिनं वापरून मिळवली. एका घरची रीत कळली म्हणून दुसऱ्या घरची कळत नाही. मी तर 1998 च्या शोधावर वही मिटून बसलो होतो.

या काचेचा आणखी एक गुण आहे. युप्लेक्टेलाच्या तळाशी केसांसारखे लांब तंतू असतात. ते टेलिफोनच्या प्रकाशतंतूंप्रमाणे प्रकाश वाहून नेतात, असं 2003 मध्ये दाखवलं गेलं. शिवाय काचेच्या पातळ थरांमध्ये सेंद्रिय पदार्थाचे पापुद्रे असल्याने तडा एका थरात गेला तरी तिथेच अडतो. आपल्या काचेला हे जमत नाही.

मध्यंतरी शाळेत गेलो तेव्हा बरणीची चौकशी केली. नव्या इमारतीत सामान हलवताना फुटली म्हणे, आतल्या टोपलीचं काय झालं कोणाला ठाऊक नाही.

तो मुलगा आता साठीचा असेल. नाव आठवतं, पण इथे लिहीत नाही. ओळखीच्या कोणी त्याला हे वाचून दाखवलं तर एवढंच सांगा, की त्या दिवशी त्याच्या प्रश्नाचं उत्तर मलाच काय, जगात कोणालाच धड येत नव्हतं. पण मी त्याला खाली बसवलं ते उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. वर्ग हसला, म्हणून बसवलं.